डिंकमावशी आणि जिन्याखालची पेटी

ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या माडीवरचं ग्रंथालय म्हणजे दोन खोल्या, नऊ कपाटं आणि डिंकमावशी. एकतीस वर्षं ही बाई तिथं फाटकी पुस्तकं चिकटवत बसलीय. बोटांना डिंक, बाह्यांना डिंक, एकदा तर चष्माच नाकाला चिकटला होता. आता बोला!

ज्यू लोकांत देवाचं नाव असलेलं पुस्तक जीर्ण झालं तरी रद्दीत टाकत नाहीत, माणसासारखं दफनभूमीत पुरतात. त्यासाठी जिन्याखाली एक पेटी असे. समितीचे अध्यक्षकाका तिच्यात पुस्तकं टाकायचे आणि त्यांची पाठ वळली की मावशी गुपचूप परत काढायची. वर म्हणायची, "अजून धुगधुगी आहे हो त्याच्यात!" काका कपाळाला हात लावायचे.

यंदा मावशी तीन दिवस तापानं पडली आणि काकांनी डाव साधला. चौथ्या दिवशी येऊन बघते तर पेटी गायब, आणि टेबलावरचं काळं प्रार्थनापुस्तकही! पूर्वी सगळ्या वस्तीत ते एकच पुस्तक होतं. बाळंतिणीच्या उशाशी ठेवायला ते घरोघर फिरायचं आणि शेवटच्या कोऱ्या पानांवर आया आपल्या बाळाबद्दल चार ओळी लिहायच्या. ती पानं कधीची एकमेकांना चिकटलेली. मावशीनं ती गेल्याच आठवड्यात वाफेवर सोडवली आणि कुणाला सांगायच्या आत तिला ताप भरला.

धापा टाकत ती दफनभूमीत पोचली, तेव्हा पेटी खड्ड्यात उतरली होती.

"थांब रे बाबा, माती लोटू नकोस!" ती खड्डेवाल्यावर ओरडली.

"तुझं नेहमीचंच नाटक!" काका कडाडले. "शहात्तर वर्षांचा झालो मी. एकदा उतरली ती उतरली."

"काका, एकच पान वाचते. मग तुम्हीच लोटा माती."

कुरकुरत का होईना, त्यांनी पेटी वर काढायला लावली. मावशीनं काळं पुस्तक उचललं, मागचं पान उघडून वाचलं, "तिसरा मुलगा. मूठभर जीव, रडतो मांजरासारखा. सुईण म्हणते, आठवडा काढणार नाही. मी म्हणते, काढेल." खाली बाळाचं नाव होतं, काकांचंच!

खड्डेवाला फिस्सकन हसला. काका हसले नाहीत. ते दोन वर्षांचे असताना आई गेली होती आणि तिचं अक्षर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते ओळींवरून बोट फिरवत राहिले. डोळे घळाघळा वाहत होते.

"मावशी, पेन आहे का गं?"

ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहायला मावशीनं आजवर कुणालाच परवानगी दिली नव्हती. तिनं पेन काढून दिलं.

काकांनी आईच्या ओळींखाली लिहिलं, "काढला, आई."