विषय अमेरिकेचा आहे

तुमच्या मुलाने स्पर्धेत स्टेजवर ठोकलेलं भाषण कोणी लिहिलं होतं, हे तुम्ही कधी कोणाला सांगितलंय का? राहू द्या. यंदाची पाच मी लिहिली.

बहारीनमधल्या काही मराठी कुटुंबांनी मिळून एक मंडळ काढलंय. त्याच्या वक्तृत्व स्पर्धेचा यंदाचा विषय होता ‘अमेरिकेतील शिक्षणाचा इतिहास आणि समान संधी’. अमेरिकाच का, असं मी स्पर्धेच्या प्रमुखांना विचारलं. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात.

"सेफ विषय आहे गं," काका म्हणाले. "कोणाला लागत नाही."

माझे बाबा पत्रकं छापायचे, आई ती वाटायची. कोणालाच लागत नाही असा मजकूर आमच्या घरी फक्त डब्यात कागद अंथरायला वापरत. तरी मी लिहिलं. गुलामांना अक्षरओळख करून देणं गुन्हा ठरवणारे कायदे, काळ्या मुलांच्या वेगळ्या, पडक्या शाळा, सहा वर्षांच्या मुलीला वर्गापर्यंत पोचवायला आलेले सरकारी मार्शल आणि रस्त्यावर तिच्यावर किंचाळणारे गोरे आईबाप. पाचही भाषणांत हेच, विशेषणं तेवढी बदलली. कागदपत्रं नाहीत म्हणून मुलांना सरकारी शाळा नाकारता येणार नाही, हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी शेवटी टाकला. तिथे टाळ्या येतील म्हणून. इतकी मीही हलकी.

यातलं एक भाषण सनाबिस भागातल्या एका मुलासाठी होतं. त्याला मराठी कळतं, पण वाचता येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रोज त्यांच्या फ्लॅटवर जाऊन एकेक वाक्य म्हणायची आणि तो कंटाळून मागून म्हणायचा. त्याच्या आईला मी वहिनी म्हणते. त्यांच्याकडे भाकऱ्या करायला रायगडच्या एक खाला येतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची अकरा वर्षांची मुलगी.

मुलीचे वडील मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. वर्कशॉप बंद पडलं, व्हिसा गेला, त्याबरोबर मुलीचं रेसिडेंट कार्डही गेलं. शाळेने नाव काढून टाकलं. आता वडिलांना नवी नोकरी मिळाली होती, कागद पुढे सरकत होते, पण शाळा म्हणत होती, आधी कार्ड आणा. एक वर्ष घरी गेलंच होतं. सुट्टी संपल्यावर वर्गात बसू दिलं नाही, तर दुसरंही जाणार होतं.

एका दुपारी मुलगा अडखळला. स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य आलं, आणि मग त्याच्या पुढची सगळी, न थांबता.

वहिनी हसत सुटल्या. "अगं बाई, हिला तर अख्खं पाठ! ऐकतोस ना?"

"सो लेट हर डू इट," मुलगा म्हणाला. त्या महिन्यात त्या घरात कोणी काढलेला हा एकमेव शहाणा उद्गार.

स्पर्धेच्या दिवशी मी त्या मुलीलाही भाषण करायला घेऊन गेले. काका दारापाशीच टेबल मांडून बसले होते.

"शाळेचं लेटर?"

"ती सध्या शाळेत नाही."

"मग विद्यार्थी कशी? फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय, शालेय विद्यार्थी."

"काका, तुम्हाला स्वतःचा विषय आठवतोय ना?"

"विषय अमेरिकेचा आहे. उगाच इथलं काढू नकोस." मग त्यांनी तिच्या हातात बिस्किटांचा पुडा ठेवला. "बस हं बेटा पुढे, ऐक छान."

ती तिसऱ्या रांगेत बसून ऐकत राहिली. ज्यांना शाळेत घेतलं नाही त्यांच्याबद्दल वहिनींचा मुलगा बोलला. निकालाच्या वाक्याला टाळ्या पडल्या, सगळ्यात जोरात काकांच्या. पहिलं बक्षीस त्यालाच.

प्रमुख पाहुणे एका शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांनी ‘समान संधी’वर वीस मिनिटं घेतली. ते खाली उतरताच मी त्यांना गाठलं. कार्ड येईपर्यंत हिला नुसतं वर्गात बसू द्या, म्हटलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "इंशाल्ला, बघू" म्हणाले, आणि बिर्याणीच्या रांगेत गेले. तो इंशाल्ला म्हणजे ‘नाही’, हे आखातात राहणाऱ्या प्रत्येकाला कळतं.

परतताना गाडीत मुलगी म्हणाली, "दीदी, त्या अमेरिकेच्या पोरांकडं पण कार्ड नव्हतं?"

"नव्हतं."

"मग आत घ्या, असं शाळेला सांगितलं कोणी?"

"कोर्टाने. पण त्याआधी त्यांच्या आईबापांनी जाऊन विचारलं."

"अब्बांनी विचारलं. त्यांना गेटवरनंच घालवलं."

वेल्डरला गेटवरून घालवता येतं. फी भरणाऱ्या तुम्हाला येत नाही.

शाळा उघडायला नऊ दिवस आहेत. उद्या तुमच्या मुलाच्या शाळेच्या ऑफिसात जा. एका कागदावर लिहून द्या: कार्डचं काम चालू असलेल्या मुलीला तोवर वर्गात बसू द्याल का? खाली सही करा. उत्तर लेखी मागा, आणि ते हातात पडेपर्यंत तिथून उठू नका.