न घासता जोडलेलं यान

बोरगाव मेघेच्या पुंडलिकरावांनी चौतीस वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्डिंगने जोडल्या. हात रिटायर झाला, डोळा झाला नाही. लग्नाला गेले तरी आधी मंडपाच्या पाइपांचे सांधे पाहत, मग नवरानवरी.

त्यांच्या उज्वलाचं नाचणगावच्या नीरजशी जमत आलं होतं. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख तेवढी काढायची होती. पोराचं पुलगावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्याने होणाऱ्या सासऱ्याला हौसेने वर्ध्याला अंतराळाचा सिनेमा दाखवायला नेलं. स्वतः तो चारदा पाहून बसला होता. निघताना धुरपताबाईंनी नवऱ्याला बजावलं, "चांगला होता, एवढंच म्हणजा."

परत आल्यावर चहा झाला. नीरजने विचारलं, "कसा वाटला, काका?"

"बेकार."

धुरपताबाईंनी कपाळाला हात लावला.

"काऊन, काका? सारी दुनिया तारीफ करून राह्यली!"

"दुनियेनं कधी वेल्डिंगचा रॉड धरला? यानाले हातभर चीर पडली. हिरोनं न घासता, न पुसता निळा उजेड मारला, झालं काम! एक ठोका मारून पाह्यला नाई, अन् निघाला सूर्याकडं. गंजावर कधी जोड बसते का?"

"अंतराळात हवाच नाई, काका. गंज चढन कसा?"

उज्वला फिस्सकन हसली. पुंडलिकरावांना ते लागलं.

"रविवारी येजो. फाटकाची कडी तुटली हाय. तू जोडून दाखव, मंग तारखेचं पाहू."

रविवारी नीरज आला. पहिला जोड पुंडलिकरावांच्या हातोड्याने एका ठोक्यात सुटला. दुसरा दोन ठोक्यांत. ठिणग्यांनी नव्या शर्टाची चाळणी झाली. तिसऱ्या वेळी त्याने कोणाला काही विचारलं नाही. कानस घेऊन खाली बसला आणि लोखंड चकचकीत होईपर्यंत घासत राहिला. मग जोडलं, थंड होऊ दिलं आणि हातोडा स्वतःच उचलला. तीन ठोके. कडी हलली नाही.

"आता सांग, सिनेमा कसा होता?"

दारामागून उज्वला 'बेकार म्हण' अशा खुणा करत होती.

नीरजने घाम पुसला. "चांगलाच होता, काका. सहाव्यांदा जाईन."

पुंडलिकरावांनी जोडावरून अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "अवं, कॅलेंडर आण."