सिलासभाऊंना जरा हळू करा

आमच्या मामेसासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या जगात आजवर कुणीही मेलेलं नाही. एसटीच्या ड्रायव्हरकीत जन्म घालवलेला हा माणूस अमळनेरच्या आमच्या छोट्या चर्चमधल्या सामानसुमानाला नावानिशी हाक मारायचा. तिथल्या प्रत्येक पंख्यावर, बाकावर, पाण्याच्या पिंपावर कुणा ना कुणाच्या ‘स्मरणार्थ’ असं रंगवलेलं आहे. नानांना ‘स्मरणार्थ’ कधी दिसलंच नाही, नाव तेवढं दिसलं. ऐन प्रार्थनेत ते मागे वळून ओरडायचे, ‘‘अरे, सिलासभाऊले जरा हळू करा, डोकाले वारं लागस!’’ एकदा धुळ्याहून आलेले पाहुणे पाळक कडेच्या बाकावर टेकणार, तोच नाना धावले. ‘‘तठे नका बसू साहेब, ती मार्थाबाई शे. तिना पाय लचकेल शे!’’ पाळकसाहेब बिचारे अर्धवट वाकलेले तसेच राहिले. मी नगरकडची, तेव्हा नवी सून. हे आपले कोणी लागत नाहीत अशा चेहऱ्याने मी गाण्याच्या पुस्तकात डोकं खुपसलं, आणि नेमके तेव्हाच नाना सगळ्यांना सांगत होते, ‘‘हाई मनी भाचासून शे बरं!’’

बायबलातली माणसं तर त्यांच्या डेपोतलीच. येशूला पकडल्यावर ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणणाऱ्या पेत्रावर ते दर गुड फ्रायडेला नव्याने चिडायचे. ‘‘मानूस चांगला शे, पन ऐन टायमाले गाडी रिव्हर्समा टाकी दिधी!’’ अम्माऊस गावाला निघालेले दोन शिष्य पायी का गेले, हेही त्यांना पटत नसे. अंतर त्यांच्या हिशेबाने इथून मारवडएवढं, आणि मारवडला तर एसटीच्या चांगल्या फेऱ्या आहेत. उपदेश चालू असताना ते ही शंका मोठ्याने विचारायचे. मुलं खिदळायची आणि माझे कान तापायचे.

गेल्या वर्षापासून नाना हळूहळू गप्प झाले. मला हायसं वाटलं. वयाने का होईना, शहाणपण आलं, असं मी घरी बोलूनही दाखवलं. परवाच्या रविवारी माझ्या लेकीला बघायला आलेले पुण्याचे पाहुणे आमच्या पुढच्याच बाकावर होते, त्यामुळे नाना माझ्या शेजारी हाताची घडी घालून बसलेले बघून मी मनोमन देवाचे आभार मानत होते. डोक्यावर पंखा गरगरत होता. नाना त्याच्याकडे बघायचे, ओठ हलवायचे आणि मान खाली घालायचे. शेवटी माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, ‘‘नाव तोंडवर येस नही, पोरी. लाज वाटस.’’

मी काही बोलायच्या आत प्रभुभोजन सुरू झालं. ‘माझ्या स्मरणार्थ हे करा,’ हे येशूचे शब्द म्हणत आमचे पाळकसाहेब भाकरीचं ताट घेऊन आमच्या बाकाशी आले. नानांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

‘‘घ्या ना, नाना,’’ मी म्हणाले.

‘‘याद करीसन खावानं ऱ्हास ना? माले तं काहीच याद नही. मंग कसं खाऊ?’’

ताट तसंच थांबलं. पाहुणे वळून बघू लागले. त्यांच्या गप्प राहण्याला मी शहाणपण समजत होते, याची मला इतकी लाज वाटली की पाहुण्यांचा विसरच पडला.

‘‘तुमच्या वाटचं मी आठवते,’’ मी म्हणाले. ‘‘तुम्ही खा.’’

नानांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग तुकडा उचलून तोंडात टाकला आणि सावकाश चघळत म्हणाले, ‘‘बठ्ठं आठव बरं. काही सोडू नको.’’

मी डोळे मिटले. इतकी वर्षं मी ती भाकर खात आले आहे, पण आठवायला म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच बसले, आणि सुरुवात कुठून करायची तेच मला कळेना.