फायबरच्या गाडीला दार

गाडीला दार नव्हतं. मोडलेलं नव्हतं, मुळातच ठेवलेलं नव्हतं. ही दोन माणसांची बुटकी गाडी ज्यानं काढली, त्याच्या डोळ्यांपुढं एकच गिऱ्हाईक असणार: तरणं, धडधाकट, काठावर हात टेकून आत उडी मारणारं. बाकीच्यांनी कसं बसायचं? मला पहिल्याच दिवशी राग आला. मला राग लवकर येतो, आणि तीन वर्षं आंदोलनाची पत्रकं लिहून तो आणखीच लवकर यायला लागलाय.

गाडी मामाची. खाली जुन्या कारचा सांगाडा, वर फायबरची बॉडी; पन्नासएक वर्षांपूर्वी कुणा हौशी माणसानं तुकड्यातुकड्यांनी मागवून जोडलेली. मामानं ती नागपुरात घेतली, दोन वर्षं मिरवली आणि मग वणीला आमच्या घरामागं आणून टाकली. बॉनेटला तडे गेलेले, मागचा कोपरा फुटलेला. कागदपत्रं तेवढी धड होती.

ताईनं ती मागून घेतली. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. लहानपणीच्या पोलिओमुळं तिच्या डाव्या पायाला कॅलिपर, लोखंडी पट्ट्यांचा आधार, असतो. वणीपासून बावीस किलोमीटरवरच्या एका हायस्कूलात तिची नेमणूक झाली होती आणि येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. बाजूला चाकं लावलेली तिची स्कूटर कोळशाच्या ट्रकच्या वाऱ्यानं एकदा रस्त्याखाली गेली होती. बसची पायरी तिच्यासाठी मांडीएवढी उंच. कंडक्टर काखेत हात घालून वर ओढायचा, खालून कोणीतरी ढकलायचं, आणि चढल्यावर अख्खी बस तिच्याकडं कौतुकानं बघायची.

"पोत्यावानी चढवतात, अन् वरून म्हनतात, बिचारी शिकवाले जाते," ताई म्हणायची. "मले कोनाचा हात न लागता बसायचं हाये. बस, एवढंच."

डाव्या पायानं दाबायचा क्लच एका मेकॅनिकनं हाताशी आणून दिला होता. राहिलं होतं दार. शुक्रवारी वणीत आरटीओचा कॅम्प होता, तो महिन्यातून एकदाच लागतो. गाडीत केलेला बदल तिथं दाखवून मंजूर करून घ्यायचा होता. शुक्रवार हुकला की सोमवारी पुन्हा तीच पायरी, तोच कंडक्टर.

फायबरचं काम करणाऱ्या चाचांची शेड गावाच्या कडेला, एका कच्च्या रस्त्यालगत आहे. कूलरच्या टाक्या, बालवाडीच्या घसरगुंड्या, जे सांगाल ते बनवून देतात. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि काठावर बोटांनी ठोकून पाहिलं.

"इची सारी ताकद या काठात हाये बेटा. इथं कापलं का गाडी मधातून वाकंल, केळ्यावानी."

"मग नाही होत का?" ताईनं विचारलं.

"होत काहून नाही? आतून लोखंडी पाइपाची चौकट बसवतो अन् तिले फायबरात बांधून टाकतो, थरावर थर. पन एक थर ओला हाये तवाच दुसरा टाका लागते. मधात धूळ बसली का सारी मेहनत गेली." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अन् वणीत धूळ कोन थांबवन? तू, नेताबाई?"

"तेच तर करून राह्यलो ना आम्ही."

"करा, करा. तवरोक मी पोती ओली करून टांगतो."

त्यांनी कटर चालवला तेव्हा ताईनं डोळे मिटून घेतले. काठ कापला गेला आणि बॉडीतून एक बारीक कर्रर्र आवाज आला. चाचांनी लगेच खाली जॅक लावला. पाइपाची चौकट कॅम्पाच्या आठवड्यातल्या सोमवारी बसली, कापलेल्या तुकड्याचंच दार झालं. मंगळवारी सकाळी थर टाकायचे ठरले. दुपारच्या उन्हात रेझिन, म्हणजे थर चिकटवणारा रस, बादलीतच गोठतं, म्हणून सकाळीच.

मंगळवारीच आमचा रास्ता रोको होता. कोळशाच्या ट्रकांवर ताडपत्री टाका, ही मागणी. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. चाचांना तर मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "मोठा रस्ताच बंद राहीन, उलट धूळ कमी होईन." अडवलेले ट्रक जातात कुठं, हे मी कोणत्याच पत्रकात लिहिलं नव्हतं, कारण मी त्याचा कधी विचारच केला नव्हता.

दहाच्या सुमाराला आम्ही रस्ता धरला. बायका भर उन्हात डांबरावर बसल्या. मी घोषणा देत होते, आवाज फुटला होता, आणि खरं सांगायचं तर मजा येत होती. तेवढ्यात ताईचा फोन आला.

"पोलीस ट्रक इकून सोडून राह्यले. चाचाच्या शेडीसमोरून. पहिला थर टाकला हाये. रस्ता सोड."

"तहसीलदार साहेब निघाले हायेत निवेदन घ्यायले. अर्धा तास दे."

"अर्ध्या तासात इथं दगड होते रेझिनचा."

"चाचाले थांबवून ठेव ना."

"बादली काय तुयी कार्यकर्ती हाये का, थांबाले?"

फोन कट झाला. मी मागं पाहिलं. बायका माझ्याकडं बघत होत्या. त्यांना मीच आणलं होतं, मजुरी पाडून. आता उठा म्हणायचं? कशासाठी, तर माझ्या घरच्या गाडीसाठी? मी उठले नाही. दोन पोरांना तरी त्या रस्त्याच्या तोंडावर पाठवता आलं असतं, पण तेही सुचलं नाही. मी पुन्हा घोषणा दिली. साहेब तासाभरानं आले, निवेदनाची चार घड्यांची पुडी करून खिशात घातली आणि "वर पाठवतो" म्हणाले.

मी शेडवर पोचले तेव्हा ट्रक जायचे थांबले होते. ताई दारात उभी होती, दोन्ही हातांनी ओली चादर पडद्यासारखी धरून. चादर काळी, तिचा चेहरा काळा. किती वेळ ती अशी उभी होती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. आशेपोटी चाचांनी दुसरा थर टाकून पाहिला होता. संध्याकाळी त्यांनी पेचकसाच्या मुठीनं काठ ठोकत नेला. टक, टक, टक, आणि मग भद. पुढंही भद.

"पोकळ हाये," ते म्हणाले. "हात लावला का सालपट निंगन."

"मग?" मी विचारलं.

ताई पहिल्यांदा बोलली. "मग काय? काढ एखादं पत्रक."

बुधवारभर तो सगळा भाग मी घासून काढला. चाचा दाखवायचे, मी घासायची. फायबरची कूस अंगात शिरते. मानेत, मनगटात, बोटांच्या बेचक्यात. धुतली तर आणखी आत जाते. ताई समोर बसून होती. तिनं पाणी दिलं, तेही हातात नाही, जमिनीवर ठेवून.

गुरुवारी सकाळी पुन्हा थर टाकायचे होते. मोठा रस्ता आता मोकळा होता. तरी आठ वाजता शेडसमोरून ट्रक गेला. मग दुसरा. मंगळवारी पोलिसांनीच हा रस्ता दाखवला, आणि ड्रायव्हर लोकांना तो जवळचा वाटला. म्हणजे माझ्या आंदोलनानं चाचांच्या दारात कायमची धूळ आणून ठेवली होती.

रस्त्याच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथं पाच-सहा ड्रायव्हर बसलेले. मी गेल्याबरोबर एकानं ओळखलं.

"आल्या बाई! आज काय बंद करता? चहा?"

सगळे हसले. माझ्या डोक्यात उत्तरं तयार होती, सगळी पत्रकातली. मी ती गिळली.

"दोन तास या रस्त्यानं जाऊ नका," मी म्हणाले. "हात जोडते."

"मंगळवारी दोन तास उभं केलं आमाले. मालकाच्या शिव्या आमी खाल्ल्या. तवा हात कुठं होते?"

मग मी फक्त घडलं ते सांगितलं. बहिणीचा पाय, बसची पायरी, गाडीचं दार, ओल्या थरावरची धूळ. "चूक माही हाये," म्हणाले. हे वाक्य मी त्याआधी जाहीरपणे कधी बोलले नव्हते.

एका वयस्क ड्रायव्हरनं बशीतला चहा संपवला, तोंड पुसलं आणि आपल्या ट्रककडं गेला. ट्रक सुरू करून त्यानं तो कच्च्या रस्त्याच्या तोंडावर असा काही आडवा घातला की सायकल तेवढी निघावी. खाली उतरून बॉनेट उघडलं.

"इंजन गरम झालं," तो म्हणाला. "दोन तास तरी लागन." मागून येऊन हॉर्न वाजवणाऱ्याला त्यानं जी शिवी हासडली ती मी इथं लिहीत नाही. मग मला म्हणाला, "बाई, उभ्या काय? जा, तुमचं काम करा. अन् ताडपत्रीचं मालकाले सांगा. आमी घरून आनतो का ताडपत्री?"

मी पळत गेले. चाचांनी रेझिन घट्ट करणारं हार्डनर मोजून अर्धं झाकण टाकलं. काचतंतूंचं मॅट, रेझिन, रोलर; पुन्हा मॅट, रेझिन, रोलर. रोलर फिरवताना ते श्वाससुद्धा रोखून धरत होते, आम्हीही. पाच थर झाले. दुपारी पेचकसाची मूठ काठावरून फिरली: टक, टक, टक, शेवटपर्यंत टक. मग त्यांनी जॅक हळूहळू सैल केला. काठ वाकला नाही.

शुक्रवारी कॅम्पात आरटीओच्या साहेबांनी दार चार वेळा उघडून बंद केलं. "यांना बसायला कोण मदत करतं?" त्यांनी मला विचारलं. ताईला नाही, मला!

"मलाच विचारा साहेब," ताई म्हणाली.

दार उघडून ती आधी सीटवर बसली, मग हातानं कॅलिपर उचलून पाय आत घेतला. तिला वेळ लागला. मी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले होते. साहेबांनी एक फेरी मारून आणायला सांगितली. ती मारून आली. सही झाली.

सोमवारी सकाळी ती निघाली. बाजूची सीट रिकामी होती. मी सोबत जायला तयार होऊन घराच्या दाराशी उभी होते, तिला दिसत होतं. तिनं ये म्हटलं नाही. दार ओढून घेतलं, हातानं क्लच सोडला आणि गेली.