धाकटीच्या नावाची खोली

अहमदपूरला आमचं घर बस स्टँडच्या समोर आणि अण्णा एसटीत कंडक्टर. म्हणूनच असेल, माझ्या धाकट्या बहिणीने जन्मभर बसच काढल्या. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान. उशिरा बोलायला लागली, दोन वर्षं शाळेत गेली, मग मास्तरांनीच तिला घरी ठेवायला सांगितलं. गल्लीतले लोक तिला भोळी म्हणायचे. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलेला शब्द वेगळा होता. तो आमच्या घरात कुणी उच्चारला नाही.

पुढच्या खोलीतली लांब भिंत तिची. चुलीतला कोळसा, गेरू आणि कपड्यांची नीळ एवढ्यावर तिचं भागायचं. आधी बस, मग एकेका खिडकीत एकेक माणूस: पटकेवाला म्हातारा, नथवाली बाई, बुरख्यातली बाई, मांडीवरचं लेकरू. शेवटी बसच्या खाली सगळ्यांचे पाय. मी तेव्हा सातवीत होते. बसमध्ये बसलेल्यांचे पाय बाहेरून दिसत नाहीत, असं मी तिला शहाणपणाने समजावलं.

"असतेत की पण," ती म्हणाली आणि पुढचा पाय काढायला लागली.

मला बघायला नांदेडहून पाहुणे यायचे ठरले, तेव्हाची गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. भिंतीला चुना द्या आणि धाकटीला दोन दिवस उदगीरला मावशीकडे पाठवा, असं आईला मीच सुचवलं होतं. अण्णांनी चुना कालवला, तिला उदगीरच्या गाडीत बसवून दिलं. पाहुणे आले, पोहे खाऊन पसंती सांगून गेले. तिसऱ्या दिवशी धाकटी परतली. पांढऱ्या भिंतीवरून तिने हात फिरवला, तळव्याला लागलेला चुना बघितला आणि मला विचारलं, "अक्का, मानसं कुठं गेली?"

"उतरली," मी म्हणाले.

तिला ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने नवी बस काढायला घेतली. मला मात्र तिच्यासमोर बसवेना.

पुढे मी नांदेडला नांदायला गेले, शाळेत शिकवायला लागले, दोन मुलं झाली. अण्णा गेल्यावर त्या घरात आई आणि धाकटी दोघीच राहिल्या. चार वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत धाकटी गेली. तिच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या कॅलेंडरांची पानं निघाली. मागच्या कोऱ्या बाजूंवर बसच बस. भिंतीवरचं तर काहीच उरलं नव्हतं, दर दिवाळीला आम्हीच पुसत आलो होतो.

वर्षश्राद्धाला काय करायचं ते मला सुचेना. कुणीतरी म्हणालं, लातूरला तिच्यासारख्या मोठ्या माणसांची एक कार्यशाळा आहे, तिथे फळं वाटा. मी केळी आणि वह्या घेऊन गेले. सगळे लिफाफे चिकटवत बसले होते. तिथल्या मॅडमनी केळी ठेवून घेतली आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "ताई, फळं लई येतात. यांच्याजवळ बसणारं कुणी येत नाही."

म्हणून मी बसले. शेजारी पस्तिशीची एक बाई होती. ती बोलत नसे. लिफाफ्याच्या मागे ती पेन्सिलने दोरीवर वाळत घातलेली लुगडी काढत होती. एकेक चुणी, एकेक ठिगळ. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. दीड तासाने तिने तो लिफाफा माझ्या मांडीवर ठेवला आणि दुसरा घेतला. परतीच्या गाडीत माझं ठरलं.

अहमदपूरची पुढची खोली आम्ही धाकटीच्या नावाने मोकळी केली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अशा माणसांनी यावं, हवं ते काढावं. कागद, रंग आणि जेवण आमच्याकडे. लुगडी काढणारी बाईही तिच्या आईबरोबर लातूरजवळच्या गावाहून येऊ लागली.

पहिल्या वर्षी मी चूक केली. इतकी वर्षं मास्तरीण होते, त्यामुळे स्पर्धा ठेवली, प्रमुख पाहुणे बोलावले, तीन नंबर काढले. नंबर न आलेल्या एकाने आपलं चित्र टराटरा फाडलं. लुगडीवाली भिंतीकडे तोंड करून बसली, जेवलीही नाही. सगळे गेल्यावर आई खरकटं काढता काढता म्हणाली, "नंबर कशाला काढलेस? आपल्या पोरीचा कधी नंबर आलता का?"

त्यानंतर स्पर्धा बंद. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी चालू राहिली. आई ऐंशीच्या घरातली, तरी ती दुसऱ्या कुणाला करू देत नाही. कोण किती तिखट खातं ते तिला पाठ आहे.

या हिवाळ्यात नांदेडला एक लहानसा हॉल मिळाला, तिथे आम्ही सगळ्यांची चित्रं लावली. धाकटीची कॅलेंडरंही त्यांच्यातच, वेगळी नाहीत, हार नाही. प्रत्येक चित्रकाराला मी त्याच्या नावाने पत्र पाठवलं होतं. लुगडीवालीची आई ते पत्र पिशवीत घडी करून घेऊन आली होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "लग्नाच्या पत्रिका लई येत्यात घरी. हिला सोडून या, असंच समदे सांगतेत. हिच्या नावानं बोलावणं ह्येच पहिलं. पोस्टमननं दोनदा विचारलं, हेच घर का म्हणून."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हाव म्हनलं. आमचीच हाय."

तिची मुलगी तेवढ्यात स्वतःच्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली होती. एका कोपऱ्यातली टाचणी निघाली होती, ती तिने अंगठ्याने दाबून बसवली. मग ती माझ्या आईशेजारच्या खुर्चीवर येऊन बसली, आणि येणारी-जाणारी माणसं त्या दोघी संध्याकाळपर्यंत बघत राहिल्या.