खाडी मोजली मी

"तुम्हा कोळ्यांच्या रक्तातच नाच असतो. तुला शिकवायला नको," असं म्हणत सरांनी सगळ्यांसमोर माझ्या हातात लुगडं ठेवलं. आणि माझी वही उचलून मेधाला दिली.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. ठाण्यातलं कॉलेज, नव्वदीतली गोष्ट. पृथ्वी तापतेय, समुद्र चढतोय, म्हणून पाच देशांतल्या विद्यार्थ्यांनी मिळून आपापल्या किनाऱ्याचं पाणी मोजायचं, असा प्रकल्प होता. जर्मनीची योहाना आणि बांगलादेशचा रफीक आमच्याकडे आलेले. ठाण्याच्या खाडीसाठी मी आणि वर्तकनगरची मेधा. शेवटी पाहुण्यांसमोर निबंध वाचायचा होता. तो मला वाचायचा होता. आमच्या घरातलं कुणीच तोवर बोलायला म्हणून स्टेजवर चढलं नव्हतं.

पहिले पंधरा दिवस सरांनी रोज सकाळी बरोब्बर दहाला पाणी मोजायला लावलं. शिस्त म्हणजे शिस्त. पट्टी धरून गुडघाभर चिखलात मी. काठावर छत्री घेऊन मेधा. माझा बापूस तिथेच जाळं सुकवत होता. तो हसायला लागला.

"पानी काय घड्याल बघून येतं गो? तिथी बघून येतं. रोज दोन घटका उशिरा. तुमचा सर कनच्या गावचा?"

मी हे सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मासळी विकायची असेल तेव्हा वडिलांना विचार. इथे विज्ञान चाललंय." वर्ग हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते.

आठवड्याने रफीकने आकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. त्याचं गावही नदीच्या मुखाशी. तो तेच बोलला, इंग्रजीत. मग सरांना पटलं. माझ्या बापाने सांगितलं तेव्हा अडाणीपणा, रफीकने सांगितलं तेव्हा शास्त्र.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोन महिने. तिथी बघून, भरती पुरी चढली की मोजायचं. बापसाने खाडीत खुंट ठोकून दिला. आमच्या धक्क्याच्या दगडावर आजाने दरवर्षीच्या मोठ्या उधाणाच्या रेघा कोरून ठेवलेल्या. जुन्या रेघा खाली, नव्या वर. त्याही मी मोजून वहीत उतरवल्या. वही बघून सर म्हणाले, "सोनं आहे हे."

आणि मग ते लुगडं. अहवाल छापून आला तो त्याच दिवशी. ठाण्याच्या प्रकरणावर मेधाचं नाव. मी शेवटच्या पानावर, आभारांत. 'स्थानिक कोळी मदतनीस.' तेवढंच. नावसुद्धा नाही.

मी विचारलं, "सर, माझं नाव?"

"अगं, तुझं इंग्रजी हे असं. पाहुण्यांपुढे शोभा नको. तू नाच, त्यांना आवडेल."

घरी येऊन बापसाला सांगितलं. वाटलं, तो पेटून उठेल. तो म्हणाला, "नाच गो बाय. मोठी मानसं हायत. वाकडं नको घेव." मला सरांपेक्षा त्याचा जास्त राग आला. तरी मी लुगडं नेसले.

कार्यक्रमाच्या दिवशी मी विंगेत उभी. डोक्यात वेणी, कमरेला पट्टा. मेधाने निबंध छान वाचला. टाळ्या पडल्या. मग रफीकने विचारलं, "दगडावरची कोणती रेघ कोणत्या वर्षाची, हे कसं ठरवलं?"

मेधा पानं उलटत राहिली. सर लगबगीने विंगेत आले.

"पटकन सांग. मी तिला चिठ्ठी देतो."

मला उत्तर पाठ होतं. झोपेतून उठवलं असतं तरी दिलं असतं.

"माझं नाव घ्या. मग मी स्वतः येऊन सांगते."

"आत्ता नाटकं नकोत."

"मग उत्तर नाही. नाचही नाही."

इतकं मोठ्याने बोलले की सभागृहाने ऐकलं. रफीकने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलेलं. तो खाली बसला. सर माइकवर म्हणाले, "चहानंतर चर्चा करू." चहानंतर कुणी चर्चा केली नाही.

प्रॅक्टिकलला मला पास होण्यापुरते मार्क मिळाले. मेधा योहानाच्या देशात शिकायला गेली. जाऊ दे. मी खाडी मोजणं सोडलं नाही.

आता मोठ्या उधाणाला पाणी आमच्या ओट्यावर येतं. देशोदेशीचे विद्यार्थी अजून येतात, कॅमेरे घेऊन, आकडे मागायला. मी आधी कागद पुढे करते. पहिल्या पानावर आमची नावं येतील, असं लिहून सही घेते. काहींचं तोंड वाकडं होतं. होऊ दे. पाणी आमच्या घरात शिरतंय, त्यावर स्टेजवर बोलेन ती मीच. मला येते त्या भाषेत. मदतनीस हवाच असेल, तर त्यांनी व्हावं. पँट दुमडून उतरावं चिखलात आणि धरावी पट्टी.