मधली खुर्ची

साठ डेसिबल अधिक साठ डेसिबल एकशेवीस लिहिणाऱ्या पोरांचा गुरुशांतप्पा सरांना भारी राग. दावणगेरेच्या कॉलेजात त्यांनी तीस वर्षं आवाजाची गणितं शिकवली. "दोन घरांत मिक्सर लागला म्हणून विमानाएवढा आवाज होतो काय रे?" असं म्हणून वही भिरकावायचे. मी त्यांचा प्रयोगशाळेतला सहायक. माझीही एकदा भिरकावली होती.

त्यांच्या पत्नी कोट्रम्मा, आमच्या अम्मा, गेल्या आणि पाठोपाठ सरांचे कानही गेले. डॉक्टर म्हणाले, पासष्ट डेसिबलच्या खालचं काही ऐकू येणार नाही. कानातलं यंत्र नुसतं शिट्ट्या मारायचं, म्हणून ते त्यांनी पेल्यात टाकून ठेवलं. हळूहळू माणसं यायची बंद झाली. ओरडून ओरडून कोण किती बोलणार? मीही महिन्यातून एकदाच मंडक्की-मिरची, म्हणजे चुरमुरे आणि मिरचीभजी, घेऊन जायचो, याची आज लाज वाटते.

अम्मांचा आवाज एका कॅसेटवर होता. टेप नवा आणला त्या दिवशी सहज भरलेला. त्या काय बोलल्या, हे सरही विसरले होते. मरायच्या आधी एकदा तो ऐकायचा, एवढंच त्यांना हवं होतं. पण स्पीकर खुर्चीपाशी साठच द्यायचा, वाढवला की आवाज फाटायचा.

"रुद्रेश, तसलाच दुसरा आण."

मी पाटीवर लिहिलं : साठ आणि साठ, त्रेसष्ट. दोन कमीच पडतात.

"गाढवा, ते दोन मिक्सरचं! इथं टेप एकच. दोन्हीकडच्या लाटा एका पावलानं येतील. उंची दुप्पट, जोर चौपट. सहासष्ट!"

दोन्ही स्पीकरांपासून दोरीनं सारखं अंतर मोजून त्यांनी बरोबर मधे खुर्ची मांडली. मी टेप लावला. सर नुसतेच बसून राहिले.

"संपलं रे. कान पुरतेच गेले."

त्यांचा चेहरा बघवेना. मी वाकून वायरी पाहिल्या. एका स्पीकरच्या उलट्या जोडलेल्या होत्या, सरांच्याच हातानं. एक लाट पुढे ढकलायची तेव्हा दुसरी मागे ओढायची, मधल्या खुर्चीत आवाज उरतच नव्हता. मी वायरी बदलल्या, कॅसेट मागे घेतली.

सर ताठ झाले. टेपमध्ये मागे रेडिओ वाजत होता आणि अम्मा खणखणीत म्हणत होत्या, "अहो, आवाज कमी करा! मी काय बहिरी आहे?"

सर हसले आणि हसता हसता रडायला लागले. "एवढा राहू दे गं," ते म्हणाले. मी पाटीवर 'जेवायला चला' लिहून दाखवलं, तरी खुर्चीतून हलले नाहीत. वीतभर सरकलं की त्या ऐकू येत नव्हत्या.